नागपूरचा वकील, पाणिनीची सूत्रे आणि संगणकाची भाषा

१/ ‘संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे, असे नासाने मान्य केले आहे’ हे वाक्य दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. ते खरे नाही. परंतु संस्कृत व्याकरण आणि संगणकाच्या आरंभीच्या भाषा यांच्यात एक विलक्षण साम्य आहे, हे खरे आहे. त्या साम्याच्या इतिहासातील एक धागा नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातून जातो.

२/ साल १७९९. नागपूरच्या गादीवर दुसरे रघूजी भोसले होते. टिपूविरुद्धच्या शेवटच्या युद्धाचे ते वर्ष. मराठी सत्तांपैकी नागपूरकरांना आपल्या बाजूस वळवावे, या हेतूने ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री टॉमस कोलब्रुक याला वकील, म्हणजे राजदूत म्हणून नागपुरास पाठवले. १८०१ पर्यंत तो तेथे होता. कंपनीला हवा तो तह मात्र झाला नाही आणि कोलब्रुक रिकाम्या हाताने परतला.

३/ राजकारणात अपयशी ठरलेला हा वकील विद्येच्या क्षेत्रात मोठा होता. गणिताची त्याला मुळातच आवड होती. भारतात आल्यावर संस्कृतची ओढ लागली. १८०१ सालीच ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात संस्कृत आणि प्राकृत भाषांवरील त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. पाणिनी, कात्यायन आणि पतंजली यांच्या परंपरेची युरोपीय वाचकांना ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या लेखनात त्याची गणना होते. १८०५ मध्ये त्याने संस्कृत व्याकरणाचा पहिला खंड काढला. पुढचा कधीच निघाला नाही.

४/ त्या निबंधात कोलब्रुकने पाणिनीचे कौतुक केले, तशी एक तक्रारही केली. अपवाद, अपवादांचे अपवाद, मर्यादा यांमुळे मूळ नियम एकमेकांपासून इतके दूर जातात, की वाचक चक्रव्यूहात सापडल्यासारखा भटकत राहतो, असा तिचा आशय होता. तक्रार रास्त होती. मात्र ज्या गुणामुळे माणूस दमतो, त्याच गुणामुळे यंत्राचे काम सोपे होते, हे कळण्यास दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

५/ तो गुण कोणता? अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि सुमारे ४,००० सूत्रे आहेत. सूत्रे आखूड असण्याचे कारण पाणिनीने आधी संक्षेपाची साधने घडवली, हे होय. चौदा माहेश्वर सूत्रांत वर्ण एका विशिष्ट क्रमाने मांडले आहेत. त्या क्रमातील एक वर्ण आणि पुढील एक खूणवर्ण घेतला, की मधल्या सर्व वर्णांचे एकच नाव तयार होते. ‘अच्’ म्हणजे सगळे स्वर, ‘इक्’ म्हणजे इ, उ, ऋ, लृ आणि ‘यण्’ म्हणजे य, व, र, ल.

६/ ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ होते, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. पाणिनी हा नियम तीन पदांत सांगतो. ‘इक्’ला षष्ठी, ‘यण्’ला प्रथमा आणि ‘अच्’ला सप्तमी लावली, की नियम पूर्ण झाला. षष्ठी म्हणजे ‘याच्या जागी’, प्रथमा म्हणजे ‘हे येते’ आणि सप्तमी म्हणजे ‘पुढे हे असताना’. विभक्तींचे हे खास अर्थ पाणिनीने स्वतंत्र सूत्रांनी ठरवून दिले आहेत.

७/ येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या संस्कृतचे वर्णन करायचे ती एक भाषा. ते वर्णन ज्या सांकेतिक संस्कृतात केले ती दुसरी. भाषेविषयी बोलण्यासाठी वेगळी, काटेकोर भाषा घडवणे, हा पाणिनीचा खरा शोध होय. दोन नियम एकाच वेळी लागू झाले तर कोणता मानावा, याचाही निर्णय त्याच्याकडे आहे: दोन्ही समान बळाचे असतील, तर नंतरचा.

८/ या निर्णयांचे शास्त्र पुढे फार वाढले. त्यातील एक शिखर म्हणजे काशीत राहिलेले मराठी पंडित नागेशभट्ट काळे यांचा ‘परिभाषेन्दुशेखर’. नियमांनी नियमांशी कसे वागावे, हाच त्याचा विषय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न यांनी एकोणिसाव्या शतकात या ग्रंथाची आवृत्ती आणि इंग्रजी भाषांतर मुंबईतून प्रसिद्ध केले.

९/ आता पुन्हा कोलब्रुककडे. इंग्लंडला परतल्यावर १८१७ मध्ये त्याने ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे तो लंडनच्या खगोल संस्थेचा अध्यक्ष झाला. १८२४ मध्ये त्या संस्थेचे सुवर्णपदक चार्ल्स बॅबेजला, त्याच्या गणनयंत्राच्या कल्पनेसाठी, देण्यात आले. पदकप्रदानाचे भाषण अध्यक्ष या नात्याने कोलब्रुकने केले.

१०/ त्या भाषणाचा गाभा असा, की आजवरच्या यंत्रांनी माणसाच्या हातांचे कष्ट वाचवले. हे यंत्र मात्र बुद्धीच्या क्रियेच्या जागी यांत्रिक क्रिया आणते. पाणिनीच्या चक्रव्यूहात भटकलेला माणूस हे बोलत होता. दोन्ही गोष्टींचा परस्परसंबंध मात्र त्या काळी कोणाला सुचण्याजोगा नव्हता. बॅबेजचे हे यंत्र गणिती कोष्टके तयार करण्यापुरतेच होते. त्याला नवनव्या आज्ञा देण्याची सोय नव्हती.

११/ ती सोय बॅबेजच्या पुढच्या, कधीच पूर्ण न झालेल्या ‘ॲनालिटिकल इंजिन’मध्ये कल्पिलेली होती. त्यावर बर्नुली संख्या कशा काढाव्यात, याची पायरीपायरीने मांडणी एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये छापली. तिला पहिला संगणक कार्यक्रम म्हणण्याचा प्रघात आहे. पण ते क्रियांचे कोष्टक होते. भाषा अजून जन्मली नव्हती.

१२/ विसाव्या शतकात यंत्रे प्रत्यक्षात आली, तेव्हा माणसाला यंत्राच्या बोलीत उतरावे लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतिकोशात २,०४८ शब्द मावत. त्याला द्यायची प्रत्येक आज्ञा यंत्राच्याच सांकेतिक रूपात लिहावी लागे. एक खूण चुकली, की सगळे उत्तर चुके.

१३/ या जाचातून सुटकेचा मार्ग अमेरिकेत निघाला होता. जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ मध्ये आयबीएमच्या संगणकासाठी ‘फोर्ट्रान’ भाषा दिली. गणिती सूत्र जवळपास जसेच्या तसे लिहावे आणि यंत्राच्या आज्ञांत त्याचे रूपांतर यंत्रानेच करावे, ही तिची किमया. १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि भारतीय वैज्ञानिकही फोर्ट्रान लिहू लागले.

१४/ दरम्यान युरोप आणि अमेरिकेतील तज्ज्ञ १९५८ मध्ये झुरिकला जमले. कोणत्याही एका यंत्राला न बांधलेली सामाईक भाषा त्यांना हवी होती. तिचे नाव पुढे ‘अल्गॉल’ पडले. अडचण अशी, की साध्या इंग्रजीत लिहिलेल्या नियमांचे वेगवेगळे अर्थ निघू शकत. भाषेचे नियम सांगण्यासाठी वेगळी, काटेकोर भाषा हवी होती. पाणिनीपुढची गरज वेगळ्या वेशात परत आली होती.

१५/ १९५९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत बॅकस यांनी अशी एक संकेतपद्धती मांडली. डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी ती सुधारून १९६० च्या अल्गॉल अहवालात वापरली. तिचा नमुना असा: ‘संख्या म्हणजे एक अंक, किंवा संख्या आणि तिच्यापुढे एक अंक’. एवढ्या एका नियमात ७ पासून ७,९९,९९९ पर्यंत आणि त्यापुढच्याही सगळ्या संख्या बसतात. डोनाल्ड नुथ यांच्या १९६४ मधील सूचनेनंतर ही पद्धती ‘बॅकस-नाउर रूप’ म्हणून रूढ झाली.

१६/ १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकास पत्र लिहिले. अशी पद्धती पाणिनीने फार पूर्वी घडवली होती, म्हणून तिला ‘पाणिनी-बॅकस रूप’ म्हणावे, अशी त्यांची सूचना होती. नाव रुळले नाही. पत्र मात्र आजही उद्धृत केले जाते.

१७/ मग बॅकस यांनी ही कल्पना पाणिनीकडून घेतली का? तसा पुरावा नाही. त्यांनी स्वतः तर्कशास्त्रज्ञ एमिल पोस्ट यांचे ऋण सांगितले आहे. लिओनार्ड ब्लूमफील्डसारखे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ पाणिनीचे अभ्यासक होते, हे खरे. पण तेथून अल्गॉलपर्यंत सलग वाट दाखवता येत नाही. शिवाय दोन्ही पद्धती एकरूपही नाहीत. पाणिनीचा नियम ‘पुढे काय आहे’ ते पाहून लागू होतो. बॅकस यांचा नियम आजूबाजूस पाहत नाही.

१८/ आणि नासा? १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज या तेथील संशोधकाने ‘एआय मॅगझिन’मध्ये एक लेख लिहिला. नागेशभट्टांसारख्या वैयाकरणांची वाक्यार्थ उलगडण्याची रीत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची रीत यांची त्यात तुलना होती. लेख एका व्यक्तीचा होता. नासाचा तो निर्णय नव्हता आणि संस्कृतमध्ये कार्यक्रम लिहिण्याचा प्रस्ताव तर त्यात नव्हताच. अफवेत नासाचे नाव उरले. ज्या मराठी पंडिताच्या परंपरेवर लेख उभा होता, त्याचे नाव गळून पडले.

१९/ साम्य आणि वंशावळ या वेगळ्या गोष्टी आहेत. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसे, दोन सहस्रकांच्या अंतराने, एकाच प्रश्नाशी झुंजून जवळजवळ त्याच उत्तरापाशी पोहोचली. पाणिनीची थोरवी त्याने पुरेशी सिद्ध होते; तिला नासाच्या शिक्क्याची गरज नाही. अष्टाध्यायीच्या चक्रव्यूहाची तक्रार करणारा आणि पुढे बॅबेजला पदक देणारा माणूस एकच होता, हे या इतिहासाचे नवल. भोसल्यांच्या दरबारातून तो हात हलवत परतला, तरी त्याच वर्षी छापलेला त्याचा निबंध पाणिनीची ओळख घेऊन युरोपात पोहोचला.