मोरीच्या पाण्याचा इतिहास



आमच्या भोकरदनचा इतिहास विचारला की लोक दोन गोष्टी सांगतात. पहिली म्हणजे जवळच्या असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३ ची, इंग्रज आणि मराठ्यांची. दुसरी म्हणजे हस्तिदंताची बाहुली. तिची गोष्ट पुढे येईलच. पण या गावात माणसं दोन हजार वर्षांपासून राहतात, तर त्यांच्या आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी कुठे जात होतं? हे कोणी सांगत नाही. मलाही साठी उलटेपर्यंत हा प्रश्न पडला नव्हता. परसात शोषखड्डा करायचा विषय निघाला तेव्हा पडला.

आमचं घर जुनं आहे. मोरीचं पाणी मागच्या भिंतीतून परसात जायचं, तिथून नालीत. मी १९८२ साली लग्न होऊन आले तेव्हा पाणी आडाचं. ओढून आणायचं म्हटल्यावर वापर तो किती! सांडलेलं पाणी केळीला आणि कर्दळीला जायचं, उरलेलं उन्हात वाळून जायचं. अळू सासूबाईंनी कधी लावू दिला नाही, कंदाची जात म्हणून. नंतर नळ आला, वॉशिंग मशीन आलं, केळी गेली आणि परसात फरशी आली. पाणी मात्र त्याच भोकातून बाहेर पडत राहिलं. फरक एवढाच की आता ते वाळत नव्हतं. मागे कायमचं काळं डबकं झालं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, शोषखड्डा करून टाकू. दोन दिवसांचं काम आहे." मी नको म्हटलं. एकदा नाही, चार वर्षं नको म्हटलं. कारण तुम्हाला सांगायला नको. प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या अतिचारांत आपण पंधरा कर्मादानं म्हणतो, त्यात फोडीकर्म आहे. जमीन खणणं, फोडणं. पृथ्वीकाय जीव, शिवाय मातीतले किडे, गांडुळं, मुंग्यांची वारुळं. डबक्याचा वास सहन करीन, पण माझ्या सांगण्यावरून कुदळ पडणार नाही, असं मी म्हणायचे. आणि मनात थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

आता त्या बाहुलीकडे येते. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या गावांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धन आहे. गावाच्या पांढरीवर १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते त्याचे प्रमुख होते. तेव्हा आपण औरंगाबाद जिल्ह्यात होतो, जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. सासूबाई सांगायच्या, दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं, आणि शिकलेली माणसं ब्रशने माती झाडताहेत हे बघायला बायका डोक्यावर पदर घेऊन जायच्या. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरं, विटा असं बरंच निघालं. आणि हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग निघाला. तशीच मूर्ती त्याआधी १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईला सापडली होती. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. पाँपेईची मूर्ती मुळात इकडूनच गेली असावी, असं डॉ. म. के. ढवळीकरांनी मांडलं.

गावाला याचा मोठा अभिमान आहे. मला विचाराल तर माझा जीव जरा खाली-वर होतो. त्याच पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्यही आहे. हस्तिदंताचा व्यापार श्रावकाने करायचा नाही. म्हणजे ज्या वस्तूने गावाचं नाव पाँपेईशी जोडलं गेलं, ती आपल्याला वर्ज्य असलेल्या धंद्यातली. कारागिरी सुंदर असेल, पण हत्तीचं काय झालं असेल हे आधी मनात येतं.

या बाहुलीविषयी वाचता वाचता सातवाहनांच्या काळातल्या घरांविषयी वाचायला मिळालं, आणि तिथे मला माझी मोरी सापडली. त्या काळी भाजलेल्या मातीची मोठी गोल कडी करायचे. खड्डा खणून एकावर एक अशी ती कडी उतरवायची, तळ उघडा ठेवायचा. सांडपाणी त्यात सोडलं की ते खाली आणि बाजूंनी मुरून जाई. कुठे कड्यांऐवजी बूड काढलेले रांजणच एकावर एक बसवत. अशा कड्यांचे काही खड्डे पिण्याच्या पाण्याच्या विहिरी होत्या आणि काही शोषखड्डे, कोणता कुठला यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण घराशेजारी सांडपाणी जिरवायचे खड्डे होते हे नक्की. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते ५६ मध्ये डॉ. सांकलियांनी उत्खनन केलं, तिथेही ते मिळाले. देव तिथेही होते. तक्षशिलेलाही असे खड्डे निघाले आहेत. म्हणजे व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या वस्तीत, जिथे घराला घर लागून होतं, तिथल्या बाईने मोरीचं पाणी रस्त्यावर सोडलेलं नव्हतं. कडी कुंभाराने केली असतील, खड्डा घरच्यांनी खणला असेल. राजाचं नाव त्यावर नाही.

मधल्या काळात हे ज्ञान कुठे गेलं? मला वाटतं, घरं सुटी झाली, पाणी कमी झालं, परस मोठे झाले, त्यामुळे गरजच उरली नाही. पाणी झाडाला जायचं. मग नळ आले आणि पाणी वाढलं, पण खड्डा परत आला नाही, नाली आली. नाली म्हणजे आपलं पाणी दुसऱ्याच्या दारात.

ज्यांनी हा विषय पुन्हा घरात आणला त्यांत कोकणातले आप्पासाहेब पटवर्धन मला मोठे वाटतात. गांधीजींच्या विचाराचे, १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि कमी खर्चात करता येणाऱ्या संडासांचे प्रयोग स्वतः केले. ब्राह्मण घरातला शिकलेला माणूस मैल्यात हात घालतो म्हणून लोक हसले असतील. आपल्या मराठवाड्यात अलीकडे नांदेड जिल्ह्याने नाव काढलं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, नाल्या कोरड्या पडल्या, डास गेले. त्याला लोक मॅजिक पिट म्हणू लागले, आणि पुढे ते रोजगार हमीतून इतर गावांतही झाले. मॅजिक कसलं, नेवाशाचीच युक्ती! फक्त मातीच्या कड्याच्या जागी सिमेंटचा पाइप.

माझं मन मात्र वाचून बदललं नाही. त्या वर्षी पावसाळ्यानंतर सुनेला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, जालन्याला नऊ दिवस दवाखान्यात होती. मी डबक्याला दोष दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, डेंग्यूचा डास गटारात होत नाही. स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो. घरी पाणी कशात भरता?" नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून आम्ही दोन मोठे ड्रम भरून ठेवतो. त्यांवर झाकण होतं, पण तुटलेलं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. सासूबाई होत्या तोवर रोज सकाळी हंडे रिकामे व्हायचे, दुहेरी गळण्याने पाणी गाळलं जायचं, गळण्यातली जीवाणी आडात परत सोडली जायची. साठवणीच्या ड्रमला मी ते गळणं कधी बांधलंच नाही. पिण्याचं पाणी गाळायचं, वापरायचं नाही, असा माझा हिशेब. आता दोन्ही ड्रमांच्या तोंडाला जाड सुती कापड दोरीने घट्ट बांधलेलं असतं आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडे होतात.

मग डबक्यातले डास कोणते? ते दुसरे, क्युलेक्स जातीचे, घाण पाण्यात होणारे. हत्तीरोग त्यांच्यामुळे पसरतो. आणि त्यांच्यासाठी माझ्या घरात काय चाललं होतं? मी वही ठेवते, बी. कॉम.ची सवय. वर्षाच्या हिशेबात कॉइल, लिक्विड आणि फवारणीचे पैसे लिहिलेले होते, दर महिन्याला. ती पानं मी दवाखान्यातून आल्यावर चाळली. कुदळ नको म्हणणारी मी दर महिन्याला पैसे मोजून त्रसकाय जीव मारत होते. आणि डबक्यात रोज नवे जन्माला घालत होते.

चातुर्मासात महासतीजींना विचारलं. खणा असं त्या म्हणणार नाहीत, सावद्य कामाला त्या अनुमती देत नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी फक्त दोन गोष्टी समजावल्या. कर्मादान म्हणजे तो धंदा, उपजीविकेसाठी पुन्हा पुन्हा करायचा. आणि साधू-साध्वींना पाचवी परिष्ठापनिका समिती आहे, टाकायचं ते निर्जीव जागी, वाळेल असं, जयणेने टाकायचं. "पुढचा विवेक तुमचा," म्हणाल्या. मी घरी येताना रस्ताभर नाल्याच बघत आले.

काम फाल्गुनात केलं. जमीन कोरडी, वरचे जीव कमी, आणि माती पाणी पिते की नाही तेही कळतं. आमच्याकडे वर काळी माती आहे, ती पाणी जिरू देत नाही, त्यामुळे तिच्यातच थांबलेला खड्डा दोन महिन्यांत तुंबतो. खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. आम्हाला साडेतीन फुटांवर लागला, म्हणून चारऐवजी पाच फूट गेलो. लांबी-रुंदी चार-चार फूट. खणण्याआधी जागा पूंजणीने पूंजली, मुंग्यांची रांग होती ती जागा सोडून दोन फूट सरकलो. गांडुळं निघाली ती सुपात घेऊन कढीपत्त्याखाली सोडली. सगळे वाचले असं म्हणणार नाही. त्याचं मिच्छामि दुक्कडं रोज आहे.

तळाला मोठे डबर, मधोमध अडीच फुटी सिमेंटचा पाइप उभा, त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला भोकं, भोवती आधी मोठे दगड, वर लहान. पाइपवर फरशी, दगडांवर जुनी पोती आणि वर माती. मोरीचं पाणी पाइपमध्ये पडतं, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत जाऊन मुरतं. आत उजेड नाही आणि वाट नाही, त्यामुळे डास अंडी घालू शकत नाही. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही, आणि आडापासून निदान पन्नास फूट लांब. आमचा जुना आड नेमका जवळ निघाला, म्हणून खड्डा परसाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा लागला आणि पाइपचा खर्च वाढला. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवलीच पाहिजे. केस आणि साबणाचा साय खड्ड्याला मारतो. भांड्यांचं तेलकट पाणी आधी एका लहान टाकीत थांबवायचं, तेल वर राहतं ते काढून राखेत मिसळायचं. दगड जुन्या पडवीचे होते, फुकट. बाकी पाइप, मजुरी धरून वहीत ४,३६० रुपये लिहिले आहेत. फवारणीच्या पानांवर त्याहून जास्त होते.

पहिल्या पावसाळ्यात चार दिवस झड लागली तेव्हा खड्डा भरला आणि पाणी मोरीत परत आलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले नाही. पाऊस उघडल्यावर दीड दिवसात उतरलं. पाइपमधला गाळ वर्षातून एकदा काढतो, पर्युषणाच्या बराच आधी, वैशाखात.

खड्डा खणताना साडेचार फुटांवर एक भाजक्या मातीचा तुकडा निघाला, वाकडा, तळहाताएवढा जाड. मुलगा म्हणाला कौल असेल. कड्याचा असेल असं मला वाटत राहतं. तो धुऊन ड्रमवरच्या कापडावर ठेवला आहे, वाऱ्याने कापड उडू नये म्हणून.