निजामाची वही आणि म्हातारपणाची सोबत

दरवर्षी 17 सप्टेंबरला निलंग्यात झेंडा फडकतो, रझाकारांच्या जुलमावर भाषणे होतात. ती व्हावीतच. पण त्याच राजवटीच्या एका कायद्याचे नाव कोणी घेत नाही, कारण तो ज्यांच्यावर लादला गेला त्यांना आपल्या इतिहासाने माणसांत धरलेच नाही.

निलंगा तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होते. फसली 1329, म्हणजे 1919 च्या सुमारास, संस्थानाने तृतीयपंथीयांसाठी कायदा केला. ज्या इंग्रजी कायद्याने 1871 मध्ये जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्याच्याच दुसऱ्या भागाची ही नक्कल. संशय आला की नाव सरकारी वहीत. वहीतला माणूस बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला किंवा चारचौघांत नाचला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

खरा घाव मात्र दुसऱ्या कलमात होता. सोळा वर्षांखालचा मुलगा अशा माणसाच्या घरी राहिला, तरी तेवढीच शिक्षा. मुलांच्या रक्षणासाठी हे होते, असे कोणी म्हणेल. पण मुलगा पळवणे हा गुन्हा आधीच होता. इथे नुसता आसरा देणे गुन्हा झाले. बापाने हाकललेले पोर गुरूच्या दारी येते, चेला होते, आणि गुरू थकल्यावर तोच चेला भाकरी करून घालतो. ज्यांना लेकरे नाहीत, भावकी ओळखत नाही, त्यांची म्हातारपणाची तरतूद हीच. गुरुबाजीला आमचा विरोध आहे. त्या घरांतही कमाईचा हिस्सा गुरूला द्यावा लागतो, दटावणी असते. तरीही गुरुबहिणी आजारपणात उशाशी बसतात. कायद्याने नेमके हेच नाते संशयित केले.

संस्थान 1948 मध्ये संपले. कायदा मात्र तेलंगणात उरला. तेथील उच्च न्यायालयाने तो 2023 च्या जुलैत घटनाबाह्य ठरवला आणि ‘आसरा’ पेन्शन तृतीयपंथीयांनाही द्या, असा आदेश दिला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर 75 वर्षांनी!

आपल्या चळवळीलाही विचारायला हवे. ‘समाजस्वास्थ्य’ने समलिंगी संबंधांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांची वकिली बाबासाहेबांनी केली. खटला हरले, पण मागे हटले नाहीत. बुद्धाची मैत्री आपण वंदनेत म्हणतो. मग जयंतीच्या मिरवणुकीत एखादी म्हातारी तृतीयपंथी आली की आपली पोरे का हसतात?