बालरुग्ण सुरक्षा आणि वैद्यकीय प्रमाद

आजारी बालकाला उपचारातूनच होऊ शकणारी, टाळता येण्याजोगी हानी रोखण्याच्या व्यवस्थेस बालरुग्ण सुरक्षा म्हणतात. ठरवलेला उपचार ठरल्याप्रमाणे पार न पडणे किंवा मुळात चुकीचाच उपचार ठरवला जाणे म्हणजे वैद्यकीय प्रमाद होय. प्रत्येक प्रमादातून हानी होतेच असे नाही, प्रत्येक मृत्यूमागे प्रमाद असतो असेही नाही, आणि प्रमाद व दंडनीय निष्काळजीपणा यांतही अंतर आहे. डॉक्टरवर फौजदारी जबाबदारी टाकायची तर निष्काळजीपणा अतिशय गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) स्पष्ट केले. मराठवाड्यात हा विषय चव्हाट्यावर आला तो नांदेडच्या शासकीय रुग्णालयातील 2023 मधील मृत्यूंमुळे, आणि त्या गदारोळात हे भेद जवळजवळ पुसले गेले.

बालकांच्या बाबतीत प्रमादाचा धोका अधिक असतो, कारण प्रौढाला ठरावीक मात्रा देता येते, तर बालकाची मात्रा दर वेळी वजनावरून काढावी लागते. नवजात विभागात एक किलोचे आणि साडेतीन किलोचे बाळ शेजारी-शेजारी असते, आणि दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. घरातही हेच घडते. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत साधारणतः एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये बहुधा पाच मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला सिरपचे सहा मिलिलिटर योग्य ठरतात, पण तेवढेच थेंबांचे औषध पाजल्यास मात्रा चौपट होते. शिवाय बाळाला त्रास सांगता येत नाही, आणि त्याचे यकृत व मूत्रपिंड अपरिपक्व असल्याने चूक पचवण्याची ताकदही त्याच्यात कमी असते. अमेरिकेतील दोन रुग्णालयांच्या बालरोग विभागांत झालेल्या, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 10,778 औषध-आदेशांत 616 चुका आढळल्या; हानी होऊ शकली असती अशा चुकांचे प्रमाण प्रौढांच्या सुमारे तिप्पट होते.

नांदेडजवळील विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. 48 तासांत ही संख्या 31 वर गेली व त्यांत 16 बालके होती. अनेक बाळे कमी वजनाची होती आणि खासगी दवाखान्यांतून अखेरच्या क्षणी आणली गेली होती, असे रुग्णालय प्रशासनाचे म्हणणे होते; औषधांचा तुटवडा असल्याचा आरोप शासनाने फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर रोजी स्वतःहून दखल घेतली आणि खाटा, मनुष्यबळ व औषधे अपुरी असल्याची सबब ग्राह्य धरता येणार नाही असे म्हटले. त्याच्या आदल्या दिवशी हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करून घेतले होते. त्या प्रसंगाची छायाचित्रे देशभर पोहोचली. नवजात विभागात रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती बाळे होती, हा प्रश्न मात्र त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला.

बालकांची सुरक्षा जिल्हा रुग्णालयाच्या दारापासून सुरू होत नाही. किनवट-माहूरकडून नांदेडला येण्यासाठी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते, आणि विष्णुपुरीला हिंगोली, परभणी, यवतमाळ व तेलंगणाच्या सीमावर्ती भागांतूनही रुग्ण येतात. लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेकडेही उदगीर, निलंगा यांसारख्या तालुक्यांतून बालके पाठवली जातात. बाळ ‘काचेत ठेवायला’ पाठवले जाते, पण वाटेत त्याचे शरीर थंड पडते, रक्तातील साखर उतरते, आणि चिठ्ठीवर ‘रेफर’ याखेरीज काही नसल्यास आधी दिलेले प्रतिजैविक पुन्हा दिले जाण्याची किंवा राहून जाण्याची शक्यता उरते. पोहोचल्यावर क्षमतेपेक्षा अधिक बाळे असलेल्या विभागात एका बाळाकडून दुसऱ्याकडे हात न धुता जाण्याने जंतुसंसर्ग पसरतो. प्राणवायू अनियंत्रित दिल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा कायमचा बिघडू शकतो. ही हानी बहुधा ‘नशीब’ म्हणून स्वीकारली जाते आणि प्रमादांत मोजलीच जात नाही.

महाराष्ट्रातील इतर घटनांनी प्रमादाची वेगवेगळी रूपे दाखवली. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागातील आगीत 9 जानेवारी 2021 रोजी दहा बालके दगावली. त्याच महिन्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओ डोसऐवजी 12 मुलांना सॅनिटायझर पाजले गेले. ती मुले बचावली. दोन्ही द्रवांच्या बाटल्या एकाच टेबलावर येऊ देणारी मांडणी बदलली नाही, तर केवळ कर्मचाऱ्यांच्या निलंबनाने पुढची चूक टळत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचे प्रतिपादन याच दिशेचे होते: शेवटच्या हाताच्या चुकीआधी व्यवस्थेच्या अनेक थरांतील उणिवा एका रेषेत आलेल्या असतात.

उपाय साधे पण नेटाने करायचे आहेत: वजन किलोग्रॅममध्येच नोंदवणे, जोखमीच्या औषधाची मात्रा दोघांनी स्वतंत्रपणे काढणे, तीव्र पोटॅशियम क्लोराइडच्या कुप्या वॉर्डात न ठेवणे, पाळी बदलताना प्रत्येक बाळाची माहिती तोंडी व लेखी देणे. शासनाच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात बालमृत्यू अन्वेषणाची तरतूद आहे, परंतु ते मृत्यूनंतर सुरू होते. वेळीच पकडलेल्या चुकीची नोंद करणाऱ्या परिचारिकेला शिक्षेऐवजी संरक्षण मिळेल अशी रीत रुजलेली नाही. भारताच्या राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा आराखड्यात (2018–2025) अशा नोंदींवर भर दिलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेने 17 सप्टेंबर 2025 चा रुग्ण सुरक्षा दिन नवजात व बालकांच्या सुरक्षित उपचारांसाठी वाहिला. अशी रीत रुजेपर्यंत, बाळाला दुसऱ्या दवाखान्यात हलवताना नातेवाइकांनी चिठ्ठीवर त्याचे वजन, दिलेली औषधे, मात्रा व वेळ लिहून मागावी, आणि तो त्यांचा हक्क समजून डॉक्टरांनीही ती लिहून द्यावी.