आजीच्या पाटल्या आणि चौदा कॅरेटची अंगठी

नामपूरसारख्या बाजारगावात कांद्याचे पैसे हाती आले की साखरपुड्याच्या अंगठीची बोलणी निघतात. डिझाइन मोबाइलवरचं, सोनं बऱ्याचदा आजीच्या पाटल्यांचं. हिरा हवा असेल तर सराफ चौदा किंवा अठरा कॅरेट सुचवतो. बावीस कॅरेटचं सोनं मऊ, खडा नीट धरत नाही.

हाच चौदाचा आकडा एकेकाळी लोकांना नको होता. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध घडवायचा नाही, म्हणजे चोवीस भागांत सोनं चौदाच भाग. सोन्याची हौस आणि चोरटी आयात कमी व्हावी, हा हेतू. हौस काही गेली नाही. देशभरच्या सोनारांचा धंदा मात्र बसला, काहींनी जीव दिला. चौदाचं बंधन १९६६मध्ये उठलं. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा १९९०पर्यंत राहिला.

म्हणून पाटल्या मोडण्याआधी आजीच्या लग्नाचं साल विचारा. हॉलमार्क २०००नंतरचा, तेव्हा तो त्यांच्यावर नसणारच. कस तपासून घ्या. आणि त्या घडवणारा सोनार पुढे काय करू लागला, तेही विचारा. आजीला बहुधा आठवत असेल.