नाचा आणि आपली नजर

समता कॉलोनीतल्या मराठी घरांतून ‘नाचा’ हा शब्द एके काळी किंचित नाक मुरडूनच उच्चारला जाई. संगीत नाटक ते आपले. गावच्या चौकात रात्रभर रंगणारा, ‘जोक्कड’ आणि स्त्रीवेषातील ‘परी’ यांचा हा छत्तीसगढी खेळ मात्र खेडवळ. वास्तविक जोक्कड म्हणजे तमाशातल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ. आणि स्त्रीवेषातील बालगंधर्वांवरून तर आपल्याच आजोबांनी जीव ओवाळून टाकला होता!

बरे, नाचा नव्याला विन्मुखही नव्हता. राजनांदगावकडील रवेलीच्या दाऊ मंदराजींनी त्याच्या साथीत चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली. पेटी तेव्हा नवलाईची होती. पुढे ती नाच्याचीच होऊन गेली.

रायपुरात १९२३ साली जन्मलेले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झालेले हबीब तनवीर नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला गेले. १९५८ मध्ये परतल्यावर त्यांनी सहा नाचा-कलावंत दिल्लीस नेले. ‘मृच्छकटिका’वर बेतलेल्या ‘मिट्टी की गाड़ी’त त्यांना हिंदी संवाद दिले, रंगमंचावर कोणी कोठे उभे राहायचे तेही आखून दिले. गावोगाव रात्री जागवणारे ठाकूरराम, मदनलाल यांच्यासारखे नट तेथे अवघडून गेले. दोष नटांचा नसून आपल्या पद्धतीचा आहे, हे उमगायला तनवीरांना बरीच वर्षे लागली. ते त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलेही. मग संवाद छत्तीसगढीत आले, हालचाली सुटल्या. १९७३ मध्ये रायपुरातच भरलेल्या कार्यशाळेतून ‘गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक उभे राहिले आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’. खोटे न बोलण्याचे वचन गुरूला देऊन बसलेला, राज्य आणि राणी दोन्ही नाकारून अखेर प्राणाला मुकणारा तो चोर, आपल्या मातृभाषेत बोलू लागताच प्रेक्षकांच्या काळजाला भिडला.

१९८२ मध्ये या नाटकाला एडिंबरोच्या महोत्सवात ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. तेथील प्रेक्षकांना छत्तीसगढी येत नव्हती. त्यांनी नट पाहिले आणि दाद दिली. इकडे आपल्या दिवाणखान्यांतही नाच्याचा भाव एकाएकी वधारला. नट तेच, बोली तीच. वर विलायतेचा शिक्का तेवढा उमटला होता. नाक मुरडताना आपण खेळ पाहिला नव्हता, आणि कौतुक करतानाही आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला नव्हता.

चरणदासाची भूमिका गाजवणाऱ्या गोविंदराम निर्मलकरांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तनवीर गेले. तनवीरांचे नाव आज आपल्या मुलांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून ठाऊक असते. निर्मलकरांचे नाव मी अलीकडे दहावीच्या एका वर्गात विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही.