उतरलेल्या वस्त्रांचा वास

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात रिठद नावाचे गाव आहे. हे नाव कानी पडताच मराठी माणसास रिठ्याची आठवण व्हावी, हे साहजिक होय. गावाचे नाव त्या वृक्षावरूनच पडले असा आग्रह आम्ही धरीत नाही. नामसादृश्यावर इतिहास रचण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांस आहे, तीत आमची भर कशास? रिठा या शब्दाचे कूळ मात्र स्पष्ट आहे. संस्कृत अरिष्टकाचे ते देशी रूप. आणि हा अरिष्टक मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्त्रशुद्धीच्या प्रकरणी भेटतो. रेशमी व लोकरी वस्त्रांस खारी माती, कुतप नावाच्या कांबळ्यांस रिठा, तलम वस्त्रांस बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या वस्त्रांस पांढरी मोहरी, अशी ती योजना आहे. धाग्यागणिक निराळे द्रव्य हवे, हे त्या काळच्या लोकांनी चांगलेच ओळखले होते.

अंगावर वापरलेल्या वस्त्रास जो हट्टी वास येतो, तो मुख्यतः घामाबरोबर आलेल्या स्निग्ध पदार्थांचा व त्यांवर पोसणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा. नुसत्या पाण्यास स्निग्धता दाद देत नाही. रिठ्यातील फेसाळ द्रव्य ती पाण्यात मिसळवते. राखेच्या पाण्यातील खार तिचा साबण करून टाकतो. परटाच्या भट्टीत खार आणि वाफ दोन्ही एकत्र येत, आणि पुढचे काम ऊन करी. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तान्ह्या मुलाच्या अंथरुणा-पांघरुणाविषयी जो उपदेश आहे, तो तर आजच्या कोणत्याही गृहिणीस पटावा. घामट, मळकी, कीड लागलेली वस्त्रे टाकावीत. दुसरी मिळण्याजोगी नसतील तर तीच उत्तम धुऊन, धुरी देऊन, स्वच्छ व कोरडी करून वापरावीत. धुरीसाठी मोहरी, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादी द्रव्ये तुपासह सांगितली आहेत. धुणे आधी आणि धूप मागून, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मळावर अत्तर शिंपडणाऱ्या आजच्या मंडळींनी तो अवश्य पाहावा.

‘दुसरी मिळण्याजोगी नसतील तर’, ही चरकाची अट वैद्याची आहे. तीत माणसाच्या गरिबीची जाण दिसते. मनूचे तसे नाही. चौथ्या अध्यायात तो स्नातकास दुसऱ्याने वापरलेले वस्त्र नेसू नये असे बजावतो. दहाव्यात तीच जीर्ण वस्त्रे सेवक शूद्रास द्यावीत म्हणतो. आणि चांडाळाच्या वाट्यास प्रेतावरील वस्त्रे ठेवतो. एकाच ग्रंथात शुद्धीचे इतके बारीक ज्ञान आणि अशुद्धीची अशी वाटणी! ही वाटणी पोथीत राहिली असती तर आम्ही तिचा उल्लेखही केला नसता. परंतु महाराष्ट्रात महारांच्या गावकीच्या पारंपरिक हक्कांत प्रेतावरील कापडही मोडत असे, आणि त्यास ‘हक्क’ म्हणण्यात कोणास संकोच वाटत नसे. 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, त्याचा विचार करताना या कापडाचाही विचार करावा. रिठ्याने जाणारा वास तो नव्हे.

आपल्या पांढरपेशा घरांत हा व्यवहार अधिक सौम्य रूपाने चाले. बोहारीण दारी येई, जुनी लुगडी-धोतरे घेई, आणि मोबदल्यात भांडे देई. घासाघीस पुष्कळ होई. कपडे धुतलेले आहेत की नाहीत, हे मात्र विक्रेता सहसा सांगत नसे. उलट आजीचे लुगडे गोधडीत गेले की त्याचाच वास नातवंडांस हवासा वाटे! वास तोच, माणूस आपले की परके, एवढाच भेद.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख, आणि सुती वस्त्र या बाबतीत मोठे सोशिक. पॉलिएस्टरचे तसे नाही. 2014 साली बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 26 निरोगी व्यक्तींचे व्यायामानंतरचे सदरे तपासले; सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या सदऱ्यांस अधिक उग्र वास आढळला, व मायक्रोकॉकस जातीचे जंतू त्यांवर विशेष वाढलेले दिसले. हा धागा पाणी फारसे शोषीत नाही, तेल मात्र धरून ठेवतो. आमच्या घरी असा सदरा कोणास द्यावयाचा झाल्यास तो आधी धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजतो, मग धुतला जातो, आणि दोन दिवस उन्हात राहतो.