रिबोसोमनिर्मिती व गर्भविकास

कोशिकेत प्रथिने तयार करणाऱ्या रिबोसोमांची जुळणी केंद्रकातील केंद्रिकेत सुरू होते. केंद्रिकांची संख्या घटविणारे उत्परिवर्तन झेनोपस या आफ्रिकी बेडकात १९५८ मध्ये ऑक्सफर्ड येथे वर्णिले गेले. ते दोन्ही जनकांकडून आलेले गर्भ रिबोसोमी आरएनए बनवू शकत नाहीत, असे डॉनल्ड ब्राउन व जॉन गर्डन यांनी १९६४ मध्ये दाखविले. अंड्यातील मातृदत्त रिबोसोमांवर असे गर्भ डिंभावस्थेपर्यंत वाढतात व मग मरतात.

उणीव अंशतः असल्यास गर्भ जगतो; परंतु व्यंग राहते. ट्रीचर कॉलिन्स विकारात गालाची व जबड्याची हाडे खुरटतात. त्याचा जीन १९९६ मध्ये सापडला. रिबोसोमांच्या तुटवड्यामुळे पी-५३ हे प्रथिन साचते व चेहरा घडविणाऱ्या, जलद विभागणाऱ्या कोशिका मरतात. २००८ मध्ये उंदरांत पी-५३ रोखल्यावर हे व्यंग टळले. यावरून सर्व कोशिकांना लागणाऱ्या यंत्रणेतील दोष मोजक्याच अवयवांत का प्रकटतो, याचा उलगडा होतो.